पट्टीवरचे जॅक, पॉट आणि नट

घरगुती मॉड्युलर सिंथेसायझरचा आवाज सर्किट घडवते, पण हात लागतो तो पट्टीवरच्या सुट्या भागांना. युरोरॅक मापात पट्टी 128.5 मिलिमीटर उंच असते, रुंदी 5.08 मिलिमीटरच्या पटीत धरतात.

आधी जॅक ठरवावा. 3.5 मिलिमीटरचा मोनो, तोही स्विचवाला: केबल नसताना आतला सिग्नल तोच जोडून देतो. केबल सतत आत-बाहेर होते, त्यामुळे स्वस्त जॅकची पत्ती सर्वांत आधी ढिली पडते. काटकसर दुसरीकडे करावी. जॅकसाठी पट्टीतले भोक 6 मिलिमीटरपेक्षा किंचित सैल हवे. नेमक्या मापात गळा अडकतो आणि मग कानस घेऊन बसावे लागते.

पॉटचा दांडा गोल, चपटा की दातेरी, हे पाहूनच नॉब घ्यावा. उलट क्रम हमखास फसतो. जॅक आणि पॉट यांची उंची जुळली नाही, तर सर्किटची पाटी पट्टीला समांतर बसत नाही. नट आवळताना पक्कड नको, पट्टीवर ओरखडे उठतात. योग्य मापाचा पाना घ्यावा.

हे सुटे भाग घ्यायला सौंसरजवळच्या बोरगावाला मोठा बाजार म्हणजे नागपूर. बोरगावात हरवलेल्या एका नटाची किंमत नागपूरची एक फेरी असते; म्हणून दहा लागणार असतील तर बारा घेतलेले बरे.