घर पाहावे काढून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने कोणी केली, त्याच्यावर बांधलेले घर विकण्याची पाळी बहुधा आली नसावी. आली असती तर त्याने म्हणीला आणखी एक शेपूट जोडले असते: 'आणि घर पाहावे काढून.' विकायला काढून, हा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ, फोटो काढून. गेल्या सहा वर्षांत हे दोन्ही उद्योग माझ्या हातून झाले. मी मराठीचा प्राध्यापक. घरांचे फोटो काढण्यासाठी मला कोणी पगार देत नाही. परंतु ज्याचा पगार मिळत नाही ते काम माणूस अंमळ अधिक मन लावून करतो, हा अनुभव तुम्हालाही असेलच.

2018 साली बाबा गेले. सदाशिव पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आई एकटी राहिली. 1984 साली बाबांनी कर्ज काढून घेतलेल्या त्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. इमारतीला लिफ्ट नाही. जिना चोपन्न पायऱ्यांचा. त्या आम्ही भावंडांनी लहानपणी शंभरदा तरी मोजल्या आहेत. मी कोथरूडला, दादा नागपूरला. घर विकावे आणि आईने माझ्याकडे यावे, असे आम्ही ठरवले. आई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. "फोटो काढायचे तर काढ बापडा. त्याला काय पैसे पडतात?" एवढेच म्हणाली.

एजंटाने फोटो मागितले होते. एका रविवारी दुपारी चारच्या सुमारास मी खिशातून मोबाइल काढला आणि दहा मिनिटांत अकरा फोटो उरकले. त्या फोटोंत भिंती मागे कलंडल्या होत्या. खिडकीच्या जागी पांढराफेक चौकोन होता आणि त्याच्या भोवती अंधार. दोरीवर बाबांचा जुना टॉवेल, दिवाणावर निवडायला घेतलेली मेथी, कपाटाच्या आरशात पोट सुटलेला एक गृहस्थ (तो मीच). आणि एका फोटोत तर बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे गेलेला एक हिरवट पट्टा उमटला होता. कसला, ते मला कळले नाही.

एजंट सभ्य होता. सगळे फोटो पाहून तो म्हणाला, "सर, घर विकायचंय ना? मग हे कुणाला दाखवू नका." हे ऐकून आईला मनापासून आनंद झाला. विक्री पुढे ढकलली गेली.

माझा मात्र अपमान झाला होता. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर लाल शाईने शेरे मारणाऱ्या माणसाला स्वतःच्या कामावर शेरा सोसत नाही. मी त्या विषयाच्या मागे लागलो. एक जुना कॅमेरा आणि ट्रायपॉड घेतला. स्टाफरूममधले सहकारी, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे शेजारी, ज्याला घर विकायचे वा भाड्याने द्यायचे असेल त्याच्याकडे मी फुकट जाऊ लागलो. 2020 च्या टाळेबंदीत तर माझा भाव अधिकच वधारला. घर पाहायला कोणी येऊ शकत नव्हते, तेव्हा फोटो हेच घर झाले होते.

पहिल्या वर्षी एकच गोष्ट शिकलो: भिंती का कलंडतात? कॅमेरा वर किंवा खाली वाकला की उभ्या रेषा तिरक्या होतात. तो छातीच्या उंचीवर, अगदी समपातळीत धरला की भिंती शहाण्यासारख्या उभ्या राहतात. स्वयंपाकघरात ओट्याच्या जरा वर धरावा, म्हणजे ओटा दिसतो आणि त्याखालचा पसाराही पुढे येत नाही. एवढ्या साध्या गोष्टीला मला बारा महिने लागले.

दुसऱ्या वर्षी उजेड शिकलो. आपला डोळा मोठा समजूतदार असतो. खोलीतली सावली आणि खिडकीबाहेरचे ऊन, दोघांनाही तो सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकाचीच बाजू घेता येते. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवरून न हलवता तीन फोटो काढायचे, एक काळोखा, एक मध्यम, एक उजळ, आणि संगणकावर त्यांचा मेळ घालायचा. पूर्वेच्या खोल्या सकाळी, पश्चिमेच्या दुपारनंतर. ट्यूबलाइट आणि पिवळा दिवा एकदम लावायचा नाही, नाहीतर एक भिंत निळसर आणि दुसरी कावीळ झाल्यासारखी दिसते. छताचा पंखा बंद करायचा.

तिसऱ्या वर्षी वाइड अँगल भिंग घेतले, आणि त्याबरोबर थोडे पापही. ह्या भिंगातून दहा बाय दहाची खोली मंगल कार्यालयासारखी दिसते. कर्वेनगरमधल्या एका सहकाऱ्याच्या घराचे फोटो मी त्याने काढले. ते पाहून एक जोडपे लांबून, दोन बस बदलून आले. बाई झोपायच्या खोलीच्या दारात थबकल्या. मग आत जाऊन त्यांनी भिंतीला वीत लावून मोजायला सुरुवात केली. नवऱ्याने मला अगदी साधेपणाने विचारले, "फोटोतली खोली दुसरी आहे का?" त्या बाईंनी आपले कपाट, पलंग आणि मुलीचे टेबल मनातल्या मनात त्या फोटोत केव्हाच मांडून ठेवले होते. आता ते एकेक करून बाहेर निघत होते. मी ते त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले. तेव्हापासून ते भिंग अगदी गरजेपुरते वापरतो. दारातून जेवढे दिसते तेवढेच दाखवतो आणि फोटोंबरोबर मापांचा नकाशा द्यायला लावतो. खोट्या फोटोने माणूस दारापर्यंत येतो. उंबरठ्याच्या आत येत नाही.

पण सर्वांत अवघड धडा होता तो सामान काढण्याचा. टेबलावरची औषधे काढा, फ्रीजवरची चिकटचित्रे काढा, दाराआडच्या पिशव्या काढा, कालनिर्णय काढा, मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा पुसा. पाहणाऱ्याला तिथे स्वतःचे घर दिसायला हवे. म्हणून राहणाऱ्याचे घर नाहीसे व्हायला हवे. घरमालकांना हे मी मोठ्या अधिकारवाणीने सांगत असे. त्यांचे चेहरे जरासे पडत. मला वाटे, आळस करताहेत.

कॅमेऱ्याला ही खोड जन्मापासूनची आहे. कॅमेऱ्याने टिपलेले जे सर्वांत जुने छायाचित्र आज शिल्लक आहे, ते फ्रान्समध्ये निएप्सने 1820 च्या दशकात आपल्या घराच्या खिडकीतून काढले. त्यात छपरे आणि भिंती दिसतात, माणूस नाही. 1838 च्या सुमारास दागेरने पॅरिसमधल्या एका वर्दळीच्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. भिंग कित्येक मिनिटे उघडे ठेवावे लागे, त्यामुळे चालती माणसे आणि गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. रस्ता ओस दिसतो. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एक जण थांबला होता, तो उमटला. जो स्थिर राहिला तो राहिला. जो कामात होता तो पुसला गेला.

2024 मध्ये आईच्या गुडघ्यांनी चोपन्न पायऱ्यांपुढे हात टेकले. एक दिवस ती आपण होऊनच म्हणाली, "आता काढ ते फोटो." तिला आमच्याकडे आणले आणि मी व सौ. दोन दिवस घर आवरत होतो. शिवणयंत्र काढले, देव्हारा काढला, लोणच्याच्या बरण्या काढल्या, बाबांची खुर्ची काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पूर्वेचे ऊन बाहेरच्या खोलीत आले, आणि मी माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले फोटो काढले. रेषा सरळ, उजेड सारखा, खिडकीतून आंब्याचे झाड पानन्‌पान दिसणारे.

रात्री ते आईला संगणकावर दाखवले. तिने चष्मा लावून एकेक फोटो निरखून पाहिला.

"छान आहे रे. हवेशीर आहे. कुणाचं घर?"

मी काही बोललो नाही.

"आपल्याला परवडेल का?" तिने विचारले.

सौ.ने माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात आईला खिडकीतले आंब्याचे झाड दिसले. ती पुढे वाकली. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "अगंबाई! इतकं मोठं होतं होय आपलं घर? मग आम्ही उगीचच अडचणीत दिवस काढले."

ह्या खेपेला भिंगाने खोटेपणा केला नव्हता. घर रिकामे होते, एवढेच.

दीड महिन्यात घर गेले. घेणारे एक तरुण जोडपे होते. पावसाळ्यात कोणत्या कोपऱ्यात बादली ठेवावी लागते, ते आईने त्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकले. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी मात्र तो कोपरा दुरुस्त करायचा खर्च हिशोबात धरला आणि घर घेतले. फोटोंनी त्यांना दारापर्यंत आणले. पुढचे काम आईच्या बोलण्याने केले असावे.

किल्ली दिली त्या रात्री मला झोप येईना. माझे ते उत्तम फोटो उघडले, तर त्यांत पाहण्यासारखे काहीच नव्हते. म्हणून 2018 चे ते अकरा फोटो शोधून काढले. कलंडलेल्या भिंती, मेथी, टॉवेल. आणि तो हिरवट पट्टा. सहा वर्षांनंतर मला आता त्याची विद्या ठाऊक होती: खोलीत उजेड कमी, म्हणून कॅमेरा जरा अधिक वेळ उघडा राहिला, आणि तेवढ्यात समोरून कोणीतरी लगबगीने गेले. आईचे ते हिरवे सुती पातळ मला आठवले. सगळ्या घराच्या फोटोंत ती तेवढीच होती.

तो फोटो मी छापून आणला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात दिला. माझी समजूत अशी की, मी माझ्यासाठी चहा आणायला निघालेल्या आईची आठवण काढतो आहे.

तिने क्षणभरच पाहिले. "ही मी. दूध उतू जात होतं त्या दिवशी," ती म्हणाली. "तू तिथेच उभा होतास, फोटो काढत. तुला वासदेखील आला नाही."