चौदा सुया

लहानपणी मला कुत्रं चावलं. कुत्र्याला पुढे काही झालं नाही. मला मात्र पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. रोज एक. आई मला हाताला धरून दवाखान्यात न्यायची; दोन मैल जायला, दोन मैल यायला. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, "सगळी एकदम द्या की!" डॉक्टर पोट धरून हसले. मीही पोटच धरलं होतं.

परवा संशोधन करणारा आमचा भाचा म्हणाला, "मामा, प्रश्न वेडा नव्हता. १९७६ साली अमेरिकेत लँगर आणि फोकमन यांनी दाखवलं, की प्रथिनंसुद्धा पॉलिमरमध्ये कोंडून हळूहळू सोडता येतात. आता त्याचे इतके बारीक कण करतात, की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून बनवलेले. अंगात आपोआप विरतात."

"लॅक्टिक म्हणजे दह्यातलं?" सौ.नी विचारलं.

"तेच, मामी! पण विरताना आत आंबटपणा वाढतो, आणि नाजूक लस बिघडते."

"विरजण जास्त झालं की दुसरं काय होणार!" सौ.नी निकाल दिला.

महिन्यातून एकदाच घ्यायचं, प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं अशा जातीचं इंजेक्शन अमेरिकेत १९८९ साली मंजूर झालं. त्याचे कण जरा जाडे. एका टोचणीत सगळे डोस देणाऱ्या लशीसाठी खटपट चालू आहे.

ती यावीच. माझ्या सुया मी तेव्हाच मोजल्या होत्या. आईची चाल परवा पहिल्यांदा मोजली : छप्पन्न मैल.