रिकामा चौकोन

बाबांच्या कपाटात अकरा अल्बम होते आणि आम्हा भावंडांना त्या कपाटापाशी फिरकायची मनाई होती. बोटांच्या घामानं तिकिटाचा डिंक खराब होतो म्हणून ते स्वतःही चिमट्याशिवाय तिकिटाला हात लावत नसत. पावसाळा लागला की डोंबिवलीच्या त्या दमट घरात कपाटाच्या आत एक बल्ब दिवसभर जळायचा. आमचे गणवेश वाळले नाहीत तरी चालेल, तिकिटांवर डाग पडता कामा नये!

नवं तिकीट निघालं की बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते जीपीओ गाठायचे. चार तिकिटांचा ब्लॉक, एक फर्स्ट डे कव्हर, त्यावर त्याच दिवसाचा शिक्का. येताना भाजी विसरायचे, कव्हर मात्र दोन पुठ्ठ्यांमध्ये सुखरूप. आई चिडली की उत्तर ठरलेलं, "अगं, ही एफडी आहे. पोरीच्या लग्नाला कामी येईल." माझं लग्न पीएफवर झालं. कपाट बंदच राहिलं.

बाबा गेल्यावर वर्षभरानं एका व्यापाऱ्याला घरी बोलावलं. त्यानं पानं पत्ते पिसल्यासारखी उलटली. "ताई, हे सगळ्यांकडे आहे." ही तिकिटं लाखांनी छापलेली, आणि ज्यांनी घेतली त्यांनी बाबांसारखीच जिवापाड जपली. हरवलं काहीच नाही, मग दुर्मीळ काय होणार? आता ती पिढी चालली आहे आणि आमच्यासारखी मुलं एकाच वेळी अल्बम काखेत मारून बाजारात उभी आहेत. कव्हरांना त्यानं नगाला तीन रुपये सांगितले.

एका पानावर तो थांबला. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेली गांधीजींची तिकिटं : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे. नागरीत आणि उर्दूत ‘बापू’ लिहिलेली. चौथा चौकोन रिकामा, खाली पेन्सिलीनं ‘१० रु.’. "हे असतं तर बोललो असतो," तो म्हणाला. त्या काळी दहा रुपये तिकिटात अडकवून ठेवणं किती जणांना परवडणार? म्हणून त्याला भाव. बाबांनाही ते कधी परवडलं नाही.

मला रागच आला. आधी त्याचा, मग बाबांचा. रात्री अल्बम पुन्हा चाळले. कुठंही किंमत लिहिलेली नव्हती. तारखा होत्या, आणि बारीक अक्षरात नोंदी : ‘घाटकोपरला गाडी बंद. तरी मिळालं.’ एफडी वगैरे आईला सांगायची सबब असावी. नुसतं आवडतं म्हणून पैसे खर्चायची पगारदार माणसाला लाजच वाटत असणार.

कव्हरं दिली. गांधीजींचं पान ठेवलं. पंचवीस पैशांची कोरी तिकिटं मात्र मी वापरायला काढली. सत्तरच्या दशकात त्यातल्या एका तिकिटात पाकीट जायचं. आता पाच रुपयांसाठी वीस लागतात. रत्नागिरीच्या आत्याला लिहिलेल्या पत्रावर आठ पुढं लावली, बारा मागं. खिडकीवरच्या बाईंनी आधी पाकिटाकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि वीस वेळा शिक्का हाणला.

पत्र आत्याला पाचव्या दिवशी मिळालं.