विषयांतर

डहाणूच्या पट्ट्यात मराठी शिकवताना आजवर शेकडो उत्तरपत्रिका हाताखालून गेल्या. त्यांतली एक मनातून जात नाही.

२०१९च्या मार्चअखेरची गोष्ट. प्रथम वर्षाच्या अंतर्गत चाचणीत ‘मला भावलेली व्यक्ती’ या विषयावर निबंध घातला होता. कोणी आईवर लिहिले, कोणी गोदावरी परुळेकरांवर, कोणी जिव्या सोमा मशे यांच्यावर. धुंदलवाडीकडच्या एका मुलाने मात्र निवडला मुंबईचा नमन माथुर. ‘मॉर्टल’ या नावाने तो पबजी मोबाइल खेळे आणि त्याच महिन्यात त्याच्या ‘सोल’ संघाने हैदराबादची पबजी मोबाइल इंडिया सिरीज जिंकली होती. शंभर जण बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जाते, शेवटी उरतो तो जिंकतो; माझे ज्ञान एवढेच. मी लाल शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि दहापैकी तीन गुण दिले.

एका परिच्छेदावर तेव्हा थांबायला हवे होते. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू होते. १ फेब्रुवारीला चारहून अधिक तीव्रतेचा धक्का बसल्यावर गावेच्या गावे घराबाहेर झोपू लागली. त्याने लिहिले होते की, ताडपत्रीखाली आम्ही चौघे रात्री सराव करतो. बंदूक झाडली की नेम वर उडतो, तो अंगठ्याने तत्क्षणी खाली ओढावा लागतो. पूर्वी जमीन हलली की पळायचो, आता डाव संपेपर्यंत उठत नाही.

गुणांवरून तो भांडायला आला. आवाज चढला नाही. “नेम शिकता येतो, सर. पण वर्तुळ पुढे कुठे सरकणार, हे ओळखता आलं पाहिजे.” संघात आज्ञा देण्याचे काम त्याचे होते. मी त्याला पदवी पुरी करण्याचा उपदेश केला. दुसरे काय करणार?

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइलही होते. रात्री त्याचा संदेश आला, “सर, मैदानच गेलं.” हे वाक्य मला उशिरा कळले. कबड्डीवर कोणाची मालकी नसते. पायाने मातीत रेघ ओढली की खेळ सुरू. या खेळाडूचे मैदान कंपनीचे आणि परवानगी सरकारची. एका संध्याकाळी दोन्ही गेल्यावर त्याच्या बोटांतली विद्या कोठे न्यायची? जुलै २०२१मध्ये तो खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला, जुलै २०२२मध्ये पुन्हा काढला गेला, मे २०२३मध्ये पुन्हा आला. दरम्यान डिसेंबर २०२२मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत जागाही मिळाली. पण या धंद्यात पंचविशी म्हणजे उतार. चौघांचा संघ केव्हाच पांगला होता.

मध्यंतरी तो तलासरी नाक्यावर भेटला. उंबरगावच्या कारखान्यात आहे. सरकत्या पट्ट्यावरून सदोष झाकणे वेचायची. धाकटा भाऊ आता खेळतो, म्हणाला. मग जरा थांबून, “सर, तो निबंध आहे का हो तुमच्याकडे? त्याला दाखवायचा होता.”

मुदत संपल्यावर गठ्ठे रद्दीत जातात, हे मी सांगितले.

“चालेल,” तो म्हणाला. तेवढ्यात पाळीची गाडी आली.