उभी गाडी काय खाते?

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. रविवार होता. माझा भाचा नारायणगावहून पुण्याला आमच्या घरी आला. एका हातात टोमॅटोची पिशवी, दुसऱ्या हातात दोन रंगीत कागद. टोमॅटो मामीला दिले आणि कागद माझ्यापुढे ठेवले.

"मामा, आता दुसऱ्याची गाडी चालवायची नाही. स्वतःची पिकअप घेतो. दोन पसंत केल्यात. कोणती घ्यायची ते तुम्ही सांगा. आणि जामीनही तुम्हीच राहा."

मी एका कार्यालयात कारकून आहे. बी.कॉम. झालेला. संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे कर्जाचे, दाखल्यांचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. त्यामुळे घरात पैशाचा प्रश्न निघाला की सगळे माझ्याकडे बघतात, आणि आपल्याला हिशेब कळतो असे मलाही वाटते. तो किती कळतो हे या गाडीच्या निमित्ताने समजले, म्हणून हे लिहितो आहे. आज आपल्या घराघरांतला एखादा तरी मुलगा गाडी घेण्याच्या विचारात असतो. त्याच्या आईबापांनी हे जरूर वाचावे.

आधी पैसा कुठला ते सांगतो. माझे मेहुणे बाजारात हमाली करीत. चार वर्षांपूर्वी ते गेले. बँकेच्या खात्यातून दरवर्षी थोडे पैसे कापून घेतात त्या पंतप्रधान जीवनज्योती विम्याचे दोन लाख रुपये अक्काला मिळाले. तिने त्यातला एक रुपया मोडला नाही. ती आजही टोमॅटो निवडायला रोजाने जाते. मुलगा जी गाडी घेणार होता ती या दोन लाखांवर घेणार होता. म्हणजे मेहुण्यांच्या जिवाचे जे काही मागे उरले होते ते सगळे त्या गाडीत बसणार होते.

आता दोन गाड्या. एक महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप, १.७ टन माल वाहणारी. दुसरी टाटाची इन्ट्रा व्ही ३०, १.३ टनांची. दोन्ही डिझेलवरच्या, दोन्ही कोऱ्या. पूर्वी आपल्या वस्तीतली माणसे हातगाडी ओढत, मग तीनचाकी टेम्पो आले, २००५ साली 'छोटा हत्ती' आला आणि कितीतरी पोरे स्वतःच्या स्टिअरिंगवर बसली. आता पोरांची नजर त्याच्या पुढच्या गाडीवर आहे.

भाच्याचे मन बोलेरोवर होते. बॉनेट पुढे आलेले, बांधा दणकट, हौदा मोठा. आमच्या भागात प्रत्येक गॅरेजवाल्याला तिचे काम येते, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळते. यात खोटे काही नव्हते. "आणि मामा, माळशेज घाट चढायचा तर इंजिन मोठे पाहिजे," तो म्हणाला. तेही खरेच. तो तीन वर्षे एका मालकाची तसलीच गाडी चालवीत होता. जुन्नर बाजार समितीच्या नारायणगाव उपबाजारातून टोमॅटो भरायचा, आळेफाट्यावरून माळशेज उतरायचा आणि पहाटेच्या बाजाराला कल्याण गाठायचे.

खरे सांगतो, माझेही मन मोठ्या गाडीवरच होते. भावकीत, पाहुण्यात दिसायला बरी. पण मी कारकून, म्हणून वही काढली.

वीस किलो टोमॅटोचा एक क्रेट रिकाम्या क्रेटसह बावीस किलो धरला. १.७ टनात ७७ क्रेट बसतात, १.३ टनात ५९. फरक १८ क्रेटचा. भाच्याच्या मालकाला क्रेटमागे साठ रुपये भाडे मिळे. म्हणजे मोठ्या गाडीला प्रत्येक खेपेला १,०८० रुपये जास्त. डिझेल तिला एका खेपेला तीन लिटर जास्त लागेल असा भाच्याचा अंदाज. मग हप्ता. मोठीला नऊ लाख कर्ज लागत होते, लहानीला सात लाख. अकरा टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे तर मोठीचा हप्ता १९,५६८ रुपये, लहानीचा १५,२२०. फरक ४,३४८ रुपयांचा.

महिन्याला वीस खेपा धरल्या. जास्तीचे भाडे २१,६००. त्यातून डिझेलचे ५,४०० आणि हप्त्यातला फरक वजा केला तरी मोठी गाडी महिन्याला साडेअकरा हजारांच्या वर जास्त देत होती. खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणालो, "मोठीच घे." भाचा खूष झाला.

पुढच्या शनिवारी मी नारायणगावला गेलो. जेवणे झाल्यावर अक्काला वही वाचून दाखवली. ती चौथीपर्यंत शिकलेली. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली,

"भाऊ, ह्यो हिशेब गाडी पळतीय तवाचा झाला. गाडी दारात उभी ऱ्हायली तर दोघींत कमी कोण खाती, ते लिवलंय का?"

मी म्हणालो, "अक्का, उभी गाडी काय खाते? डिझेल तर जळत नाही."

"हप्ता खाती की," ती म्हणाली.

मी गप्प बसलो. वीस खेपा कुठल्या महिन्यात होतात हे मी विचारलेच नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे भर मोसमातला बाजार होता. आणि अक्का वर्षाचे बारा महिने त्याच बाजारात रोजाला जाते. काम कधी मिळते आणि कधी सकाळी जाऊन परत यावे लागते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? २०२३ च्या जुलैत याच बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो मातीमोल झाला. त्या जुलैतल्या भावावर ज्यांनी मोठी कामे काढली त्यांचे पुढे काय झाले हे तिने पाहिले होते.

दुसरीही एक गोष्ट तिच्या मनात होती. तिच्या वस्तीतल्या एका मुलाची पिकअप दोन वर्षांपूर्वी हप्ते थकले म्हणून ओढून नेली. गाडी गेली, भरलेले पैसे गेले, आणि जामीन राहिलेल्या चुलत्याच्या दारात वसुलीवाले आले. त्या मुलाचा धंदा बसला नव्हता. चार महिने थंडावला होता, इतकेच.

मग मी भाच्याला म्हणालो, तुझ्या चिठ्ठ्या आण. त्याला खेपेमागे पैसे मिळत, म्हणून प्रत्येक खेपेची चिठ्ठी त्याने कापडी पिशवीत जपून ठेवली होती. रात्री अकरापर्यंत आम्ही तिघांनी जमिनीवर चिठ्ठ्यांचे महिनेवार गठ्ठे लावले. वर्षभरात १४० खेपा भरल्या. पावसाळ्यातल्या महिन्यांचे गठ्ठे जाड, थंडीतले पातळ. साठ किंवा त्याहून जास्त क्रेट असलेल्या खेपा फक्त ५२. बाकीच्या ८८ खेपांचा माल लहान गाडीतही सहज बसला असता.

वही पुन्हा उघडली. त्या ५२ खेपा पूर्ण ७७ क्रेट भरून गेल्या असे धरले तरी मोठ्या गाडीचे वर्षाचे जास्तीचे भाडे ५६,१६० रुपये. हप्त्यातला फरक वर्षाला ५२,१७६. डिझेल मात्र सगळ्या १४० खेपांना जास्त लागणार. लिटरला नव्वद रुपये धरून ते ३७,८०० झाले. म्हणजे ५६ हजार जास्त मिळवायला ९० हजार जास्त खर्च. माझ्या दोन रेघा मी खोडल्या.

भाचा मात्र ऐकेना. त्याने काही चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. "मामा, या बघा. ११० क्रेट नेलेत. मोठी गाडी घेतली तर एवढे नेता येतात."

मी त्याच्यापुढेच गुणाकार केला. ११० क्रेट म्हणजे २,४२० किलो. गाडीची ताकद १,७०० ची. सातशे किलो जास्त. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून जादा मालाला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. पण दंडाचे सोडा. पावसाळ्यात माळशेजला दरड येते, धुके असते, आणि उतारावर सगळा भार ब्रेकवर. तिथे मालक नसतो, व्यापारी नसतो. स्टिअरिंगवर हाच असतो. अक्का काही बोलली नाही. तिने त्या ११० च्या चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या. आपला मुलगा असा घाट उतरत होता हे तिला त्या रात्री कळले.

थोड्या वेळाने भाचाच म्हणाला, "लहानी घेऊ."

अक्काने आणखी एक गोष्ट पाहिली. मोठी गाडी रस्त्यावर येईपर्यंत अकरा लाखांना जात होती, म्हणजे तिचे दोन्ही लाख संपत होते. लहानी आठ लाख साठ हजारांना. तिला पदरचे एक लाख साठ हजार पुरत होते. उरलेले चाळीस हजार अक्काच्या पासबुकातच राहणार होते. अडीच महिन्यांचे हप्ते. धंदा बसला तर सावरायला अडीच महिने. हे पैसे गाडीच्या सजावटीला, टेपला, टायरलाही काढायचे नाहीत असे तिने त्याच रात्री बजावले.

काही गोष्टी कागदाच्या. वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून देतो. मालासह एकूण वजन तीन टनांच्या आत असलेल्या मालगाडीला मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही. इन्ट्रा व्ही ३० त्यात बसते, १.७ टनांची बोलेरो त्यावर जाते. हे वजन नोंदणी पुस्तकात लिहिलेले असते, घेण्याआधीच विचारावे. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवता येते, वेगळा शेरा लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. त्यामुळे एजंटाला उगाच पैसे देऊ नयेत. नव्या मालगाडीचे योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी काढावे लागते. तो खर्चही वहीत धरावा. शोरूममध्ये पहिल्या कोटेशनवर सही करू नये. आम्हाला दिलेल्या कागदात सीटकव्हर, लोखंडी गार्ड अशी न मागितलेली बावीस हजारांची यादी होती. विचारल्यावर ती निघाली.

आमच्या उत्पन्नाच्या कागदांना उशीर झाला. मोसम निघून चालला म्हणून भाचा चिडत होता. तेवढ्यात ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मालगाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. वर लिहिलेल्या किमती त्यानंतरच्या आहेत. ऑगस्टच्या कागदापेक्षा लहान गाडी साठ हजारांच्या वर स्वस्त मिळाली. यात माझा शहाणपणा काही नाही. पण घाई न केल्याचा कधी असाही फायदा होतो.

ऑक्टोबरमध्ये गाडी आली. मागच्या फळीवर भाच्याने आईचे नाव लिहून घेतले.

पुढचे सगळे गोडच झाले असे नाही. एका व्यापाऱ्याने "तुझ्या गाडीत माझा माल बसत नाही" म्हणून काम दुसऱ्याला दिले. भरलेली गाडी घाटात मोठ्या गाडीइतकी चढत नाही. जानेवारीत टोमॅटोच्या फक्त सहा खेपा झाल्या. पण त्या महिन्यात भाच्याने मंडपाचे सामान वाहिले, विटा वाहिल्या, एका कुटुंबाचे घरसामान चाकणला पोचवले. वस्तीतल्या अरुंद बोळात त्याची गाडी शिरते म्हणून ही कामे त्याला मिळाली. तरी दोन हजार रुपये कमी पडले. अक्काने पासबुकातून काढून दिले आणि पुढच्या महिन्यात भाच्याकडून परत घेऊन भरले. मोठी गाडी असती तर सहा हजारांच्या वर कमी पडले असते आणि पासबुकात काहीच नसते.

वाचक बंधू-भगिनींनो, मोठी गाडी वाईट असे माझे म्हणणे नाही. ज्याच्याकडे बारा महिने पावणेदोन टनांचा माल आहे त्याने ती जरूर घ्यावी. पण गाडी घेताना आपण भरलेला महिना डोळ्यांपुढे ठेवतो, आणि हप्ता मात्र रिकाम्या महिन्यातही येतो. मुलगा कागद घेऊन आला की त्याला नाही म्हणू नका. गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या मागा, बारा गठ्ठे लावा आणि सगळ्यात पातळ गठ्ठ्यावरून गाडी ठरवा. आणि हा हिशेब घरातल्या बाईला वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. मी तरी यापुढे करणार नाही.

हप्त्याच्या पावत्या अक्का मेहुण्यांच्या विम्याच्या कागदाबरोबर एकाच पत्र्याच्या डब्यात ठेवते. साठ व्हायच्या आहेत. मी गेलो की ती डबा काढून माझ्यापुढे ठेवते आणि मी मोजून देतो.