एकच डोळा, निरनिराळीं दारें

चष्म्याला आपल्याकडे उपनेत्र असेंही म्हणतात. हल्लींच्या तरुण मंडळींना हें नाकावरचें उपनेत्र नकोसें झालें असून प्रत्यक्ष बुबुळावर बसणारी कॉन्टॅक्ट लेन्स हवी असते. हौस वाईट नाहीं. परंतु ती कोणाच्या हातून घ्यावी, याचा विचार घरांत फारसा होत नाहीं.

माझा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीला आहे. दोन वर्षांत त्याचा नंबर तीनदां बदलला. चिंचवडांतील एका दुकानांत त्याला मऊ लेन्स मिळाली, तरी अक्षरें दुहेरीच दिसत. अखेर नेत्ररुग्णालयांत बुबुळाचा नकाशा काढला, तेव्हां पुढचें पारदर्शक पटल शंकूसारखें फुगत असल्याचें कळलें. या विकाराला केराटोकोनस म्हणतात. तेथें त्याला कडक लेन्स बसविली. तिच्या व पटलाच्या मधला अश्रूंचा थर उंचसखलपणा भरून काढतो. "काका, पाट्या आतां एकेरी दिसतात," असें तो म्हणाला, तेव्हां घरांतल्या सर्वांच्या जिवांत जीव आला.

दुकानदार लबाड होता, असें माझें म्हणणें नाहीं. मऊ लेन्स १९६१ सालीं झेक शास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनीं मुलांच्या खेळण्यांतील सुट्या भागांच्या यंत्रावर प्रथम करून पाहिली. आज ती ठराविक मापांत तयार मिळते व बहुतेकांना पुरते. म्हणून दुकानांत तीच पुढें येते. कडक लेन्स मात्र मापानें करवावी लागते, खेपा पडतात, आणि तिचा हातखंडा जेथें असे रोगी नेहमीं येतात तेथेंच साधतो. ज्याच्यापाशीं जें साधन, तोच त्याचा सल्ला. डोळा एकच, पण दार बदललें कीं लेन्स बदलते.

शिवाय आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यांत धूळ आहे, ठिणग्या आहेत, रात्रपाळी आहे. लेन्स घातली म्हणून संरक्षक चष्मा सुटत नाहीं; आणि थकून आल्यावर लेन्स न काढतां झोपणें म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. नळाच्या पाण्यानें ती धुणेंही तितकेंच घातक. तेव्हां, वाचकहो, देणारा तुमचें काम व पाळी विचारतो काय, बुबुळाचें माप घेतो काय, पुन्हां तपासणीस बोलावतो काय, हें आधीं पाहावें. नंबर वरचेवर बदलत असेल, तर दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं नेत्रवैद्याचें दार ठोठावावें. किंमत त्यानंतर विचारावी.