ग्रेपला 'वऱ्हाड' सापडेना!

माझ्या रूमवर कोणी नवीन आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय बे, हॅकिंग करून रायला काय?" कारण माझ्या कॉम्प्युटरचा पडदा बहुतेक वेळा काळा असतो आणि त्यावर पांढरी अक्षरं. माऊस आहे, पण तो बरेचदा पुस्तकांखाली दबलेला सापडतो. हॅकिंग वगैरे काही नाही हो! मी साधा मेकॅनिकलचा विद्यार्थी. त्या काळ्या पडद्यावर मी निम्म्या वेळा आमच्या अचलपूरच्या कृषी केंद्राची उधारी पाहत असतो.

'आजपासून सगळं कमांड लाईनवर' अशी शपथ मी कधी घेतली नव्हती. दुकानातला जुना डेस्कटॉप मला हॉस्टेलवर मिळाला, दोन जीबी रॅमचा. त्यावर होती ती ऑपरेटिंग सिस्टीम म्हातारी झालेली आणि नवी त्याला पेलवत नव्हती. एका सीनियरने पेन ड्राइव्हवरून हलकं लिनक्स टाकून दिलं. (पूर्वीच्या बॅचेसना म्हणे उबुंटूची सीडी पोस्टाने घरपोच, तीही फुकट यायची. ती सोय २०११ मध्ये बंद झाली. आपलं नशीब!) पहिले कित्येक महिने मी तिथेही माऊसच फिरवत होतो.

पहिलं काम पडलं ते फोटोंचं. बाबांच्या लाल वहीची पानं मी मोबाईलवर टिपली होती, तीनशे चाळीस फोटो. प्रत्येकाला नीट क्रमाने नाव द्यायचं होतं. दहा-बारा फोटोंची नावं हाताने बदलली आणि बोटं दुखायला लागली. मग 'एमव्ही' ही कमांड आणि एक छोटंसं 'फॉर' लूप लिहिलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सगळी नावं बदललेली! त्या दिवशी पाणी मुरलं. त्यानंतर हार्ड डिस्क कोण खातंय ते पाहायला 'डीयू', गाणी लावायला एक प्लेअर, असं एकेक येत गेलं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत, त्यांचा फार उपयोग झाला. 'विम'च्या वाटेला मात्र मी गेलो आणि परत आलो. माझं 'नॅनो'वर भागतं.

खरी मजा कळली ती 'पाइप'ची. एका कमांडमधून निघालेलं दुसरीत सोडायचं, तिच्यातलं तिसरीत. बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं की बागेतल्या पाण्याच्या नळीला नळी जोडावी तसे प्रोग्रॅम जोडता आले पाहिजेत. युनिक्समध्ये ते १९७३ साली आलं. संत्र्याच्या बागेत ज्याने ठिबकचे पाइप जोडले आहेत त्याला हे वेगळं समजवायला नको. 'ग्रेप'ने ओळी शोधायच्या, 'सॉर्ट'ने लावायच्या, 'डब्ल्यूसी'ने मोजायच्या. प्रत्येकाला एकच काम येतं, पण ते चोख!

माझ्या एका दोस्ताचं म्हणणं, "तुही ही कमांड लाईन म्हणजे आपली शकुंतला हाये." शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी नॅरो गेजची गाडी. ती बंद पडली, अचलपूरकरांना अजून हळहळ आहे. पण युनिक्सची गाडी १९६९ पासून रुळावरच आहे. त्याच वळणावर घडलेला लिनक्सचा गाभा दोस्ताच्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "असन." असो!

तर उधारी. आमच्याकडे शेतकरी जून महिन्यात बी-बियाणं, खत उधारीवर नेतात आणि दिवाळीच्या पुढेमागे कापूस विकला की खातं चुकतं करतात. हे सगळं लाल वहीत. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने ती वही साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवली. एका नोंदीला एक ओळ: तारीख, नाव, गाव, माल, रक्कम. मी डेस्कटॉपवर टाईप करायचो, ती मोबाईलवर. आकडे आणि नावं दोघांनी वहीशी ताडून पाहिली. सगळं बरोबर.

सुट्टी संपवून मी हॉस्टेलवर आलो आणि आठवड्यातच बाबांचा फोन. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईकांपैकी एक काका पैसे घेऊन दुकानात उभे होते. "यायच्या नावावर किती निघते पाय बरं." मी ऐटीत ग्रेप चालवलं. चार ओळी. बाबांनी तिकडे वही उघडलेली, तिच्यात सहा! "तुह्या डब्ब्यापक्षा माही वही बरी," म्हणून फोन बंद.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. चार नोंदींचे पैसे घेऊन 'खातं साफ' म्हटलं असतं आणि महिन्याने उरलेल्या दोघींचे मागायला गेलो असतो, तर काकांनी काय समजायचं? वीस वर्षांचा घरोबा आहे. त्या दुकानाचा अर्धा धंदा तोंडी शब्दावर चालतो.

फाइल उघडून पाहिली तर सहाही ओळी डोळ्यांना दिसत होत्या! आडनाव इथे छापत नाही, पण त्यात 'ऱ्हा' होता. आपण 'वऱ्हाड' हाच शब्द घेऊ, भानगड त्याच अक्षराची आहे. मेसचे आचारी आणि गुरुकुलातले आचार्य यांच्यात घोटाळा होऊ नये म्हणून आपण 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' असं वेगळं लिहितो, तोच हा ऱ. युनिकोडमध्ये तो एकाहून जास्त तऱ्हांनी उतरतो. एक तर ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलंत जोडायचा. किंवा र, त्याखाली नुक्ता, मग हलंत. किंवा साधा र, हलंत आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह, 'झिरो विड्थ जॉइनर'. पडद्यावर सगळे सारखेच! पण 'डब्ल्यूसी'ला अक्षरं मोजायला लावली तर माझा 'वऱ्हाड' सहा भरला आणि बहिणीच्या मोबाईलवरचा सात. तिच्या कीबोर्डने ते अदृश्य चिन्ह घातलं होतं. दोघांनीही शुद्धच लिहिलं होतं. ग्रेप बिचारा दिल्या शब्दाला जागला. ('अचलपूर'मध्ये ही कटकट नाही. सहा चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, अठरा बाइट, विषय संपला.)

'सेड'ची एक ओळ लिहून सगळ्या फाइलमधले ऱ एका वळणाचे केले. ग्रेपने निमूट सहा ओळी दिल्या. आता बेरीज. त्यासाठी 'ऑक'; १९७७ साली आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी केलेलं, तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून नाव. ऑकने बेरीज केली आणि ती पुन्हा कमी! कारण बहिणीने रक्कम मराठी आकड्यांत लिहिलेली आणि ऑकच्या लेखी '१२००' हा आकडाच नाही, नुसता शब्द. त्याची किंमत शून्य. कुरकुर नाही, एरर नाही, गुपचूप शून्य! मराठी आकडे इंग्रजी करायला 'टीआर' चालवून पाहिलं, पण लिनक्सवरचं ते एकेक बाइट धरून चालतं आणि आपला एक आकडा तीन बाइटचा. शेवटी पुन्हा सेडच, त्याच्या 'वाय' या आज्ञेने दहाही आकडे बदलले. रात्रीचे दीड वाजले होते. वहीची बेरीज आणि माझी बेरीज रुपयाला रुपया जुळली. सकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग मी का म्हनत होतो?"

काही गोष्टी अजून काळ्या पडद्याबाहेरच आहेत. ड्रॉईंग माऊसशिवाय जमत नाही, ब्राउझरही तसाच. आणि खरं सांगायचं तर माझ्या टर्मिनलमध्ये मराठी फार वाईट दिसते. वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं एकमेकांच्या अंगावर. शोधायचं टर्मिनलमध्ये आणि वाचायचं दुसऱ्या खिडकीत, असा कारभार आहे. घरी लाल वही बंद झालेली नाही. नोंद आधी तिच्यात होते, रविवारी बहीण ओळी पाठवते आणि मी त्या सेडमधून गाळून मगच फाइलला जोडतो.

हे सगळं मेस सेक्रेटरीच्या कानावर गेलंय. परवा तो पेन ड्राइव्ह घेऊन आला, दोन वर्षांचा मेसचा हिशोब. उघडून पाहिला. आकडे अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत, आणि आचाऱ्यांचा पगार तीन प्रकारच्या ऱ मध्ये विभागलेला!